शेठची सावड

धोंडाबाई हसायला लागली की मळवली स्टेशनावरचा हमाल डोक्यावरचं ओझं खाली ठेवायचा, असं मी लोणावळ्यात कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, मास्तर, वाढवून सांगताय. वाढवून सांगायची मला खोड आहे, हे खरं. माझी बायको अनसूया म्हणते, मी साध्या वरणभाताचंसुद्धा लग्नाचं जेवण करून सांगतो. पण धोंडाबाईच्या बाबतीत मी हात आखडूनच सांगतो, कारण सगळं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

ठेंगणी, सावळी, कासोटा घट्ट मारलेली, कमरेला विळा अडकवलेली ही बाई चालायची नाही, धावायची. माहेर कुरवंड्याचं, नागफणीच्या अंगाला, जिथे वारा माणसाला सरळ उभं राहू देत नाही. त्या वाऱ्यात लहानपणी एकमेकींना हाका मारून मारून हळू बोलणं म्हणून काही असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. कानात सांगायची गोष्टसुद्धा ती दोन खाचरांपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने सांगायची. लग्न होऊन ती मळवलीजवळच्या वाडीत आली, आणि मोठ्या साथीच्या वर्षी नवरा दोन दिवसांच्या तापात गेला. पदरात नथू नावाचा मुलगा आणि इंद्रायणीच्या काठाला एक खाचर, एवढंच तिच्या वाट्याला राहिलं. खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं शेत. हे एकच होतं, पण असं की साऱ्या वाडीचं पाणी वरच्या खाचरांतून झिरपत झिरपत शेवटी तिच्याकडे यायचं आणि नदीत उतरायच्या आधी आपला गाळ तिच्याकडे ठेवून जायचं. वाडीतले लोक म्हणायचे, आम्ही खत घालतो आणि धोंडा भात खाते. यावर ती एवढी हसायची की म्हणणाऱ्यालाच आपण काही वाईट बोललो असं वाटायचं.

नथू मोठा होऊन रेल्वेच्या गँगमध्ये लागला. घरी सासू आणि सून शालू. बैल नाहीत. तरी दरवर्षी त्या खाचरात वेळेवर भात उभं राहायचं, ते सावडीमुळे. सावड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी गंमत त्यावर आहे. मावळात भाताची लावणी एकट्याने होत नाही. रोप तयार झालं की ते थांबत नाही, पाऊस थांबत नाही, तेव्हा आज सगळ्यांनी मिळून तुमच्या खाचरात उतरायचं, उद्या माझ्या. ज्याच्याकडे बैल त्याने बैल आणायचे, ज्याच्याकडे हात त्याने हात. यात मजुरी नाही, हिशेबाची वही नाही. तुमच्या खाचरात मी आलो, म्हणजे माझ्या खाचरात तुम्ही येणार, बस्स. धोंडाबाई आणि शालू शेजारच्या रखमाजीच्या खाचरात लावणीला जायच्या, आणि रखमाजी आपली बैलजोडी घेऊन तिच्या खाचरात चिखलणी करायचा, म्हणजे पाणी आणि माती घोळून रोप लावण्याजोगा मऊ चिखल करून द्यायचा.

आता शेठकडे वळतो.

आगगाडी विजेवर धावायला लागली आणि मुंबईच्या श्रीमंतांना एकाएकी शोध लागला की मावळात हवा आहे. हवा आमच्याकडे आधीपासून होती, पण तिला गिऱ्हाईक येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जो तो येऊन टेकाडावर उभा राही, छाती भरून श्वास घेई आणि विचारी, ही जागा कुणाची. एकदा एक पारशी गृहस्थ धोंडाबाईला तिच्या खाचराचं क्षेत्र विचारत होते. ती म्हणाली, दीड पायली बियाण्याचं. त्यांना काही उमजलं नाही. मग तिने विचारलं, तुम्ही इथे काय पेरणार, तर ते म्हणाले, काही नाही, नुसती हवा खायला येणार. ती संध्याकाळपर्यंत वाडीभर सांगत सुटली की साहेब हवा पेरायला आला होता, बियाणं विसरला म्हणून परत गेला.

त्रिकमदास शेठ मात्र परत जाणाऱ्यांतले नव्हते. मूळचे कच्छचे, मुंबईच्या कापडबाजारातलं मोठं नाव, माणूस अगदी वाळलेला, पोटाच्या विकाराने जेरीस आलेला. डॉक्टरांनी हवापालट करा म्हणून सांगितलं, तर शेठनी हवा विकतच घेतली. टेकाडावर बंगला बांधला, आणि मग बंगल्यासमोरून खाली नदीकडे एकेक तुकडा घ्यायला सुरुवात केली. खरेदीचे कागद स्वतः वाचता यावेत म्हणून त्यांना मराठी शिकायची होती, आणि शिकवायला शनिवार-रविवार मी लोणावळ्याहून जात असे. शेठ माझ्याशी मोकळेपणी बोलत. म्हणायचे, मास्तर, कापडाचा भाव पडतो, सोन्याचा पडतो, पण जमीन कुठे पळून जात नाही. व्हरांड्यात उभं राहून काठीने दाखवत, तिथपासून तिथपर्यंत आपलं. काठी वळत वळत नदीकडे जाई आणि मध्येच अडखळे, कारण तिथे धोंडाबाईचं खाचर होतं. तेवढं मिळालं की नदी थेट बंगल्याला लागत होती.

शेठची ही कामं भिमाजी बघायचा. वाडीतच जन्मलेला, पण आता लोणावळ्याच्या बाजारात खुर्ची टाकून बसलेला दलाल. त्याने धोंडाबाईकडे पुष्कळ खेटे घातले. ती त्याला ताक द्यायची, आईची चौकशी करायची आणि बोलता बोलता त्याच्या हातात फावडं ठेवून बांधाला पडलेलं भगदाड बुजवून घ्यायची. खाचर काही तिने दिलं नाही.

त्या वर्षी वैशाखात रखमाजीने आपली जमीन शेठना विकली, बैल बाजाराला काढले आणि तो मुंबईला मुलाकडे निघून गेला. त्याचं खाचर बंगल्याच्या अगदी पायाशी होतं. शेठच्या मनात तिथे हिरवळ करायची होती, विलायती, बारीक कापलेली. कडेने पुण्याच्या गुलाबांची रांग. एका कोपऱ्यात वेताची खुर्ची, तिच्यावर बसून ते मराठीचे धडे वाचणार, आणि मी शेजारी छत्री धरणार. हे शेवटचं त्यांनी थट्टेने म्हटलं होतं, पण मला ते फारसं रुचलं नाही.

बाजारातल्या कामामुळे शेठ दीड-दोन महिने मळवलीला येऊ शकले नाहीत. आषाढात आले ते पाहुण्यांचा लवाजमा घेऊन. शेठाणी झवेरबेन, त्यांच्या दोन भाच्या, एक सॉलिसिटर, ज्यांनी हवापालट सांगितला होता ते डॉक्टर, आणखी चार-सहा मंडळी, स्वयंपाकी महाराज. सगळ्यांना धबधबे बघायचे होते. मी शनिवारी पोचलो तेव्हा शेठ व्हरांड्यात काठी घेऊन पुतळ्यासारखे उभे होते. खाली, जिथे हिरवळ व्हायची होती, तिथे हिरवळ होतीच. पण ती घोटाभर पाण्यात उभी होती, आणि ती भाताची होती. वाडीने त्यांच्या खाचरात लावणी करून टाकली होती.

झालं होतं ते अगदी सरळ होतं. रखमाजीने जाण्याआधी राब भाजून ठेवला होता, म्हणजे रोपासाठी जमीन भाजून तयार केली होती. भाजलेला राब मोकळा ठेवायचा कसा, म्हणून धोंडाबाईच्या दिराने, अंबाजीने, आपलं उरलेलं बी त्यात टाकलं. रोप आलं. आलेलं रोप कुजू द्यायचं कसं, म्हणून वाडी बैल घेऊन उतरली आणि दिवस मावळायच्या आत सगळं खाचर लावून मोकळी झाली. जमीन ज्याची, सावड त्याची. रखमाजीची जमीन शेठनी घेतली, तर सावडही घेतली, यात विचारण्यासारखं काय होतं? विचारावं असं कुणालाच वाटलं नाही.

भिमाजीला मात्र वेगळं वाटलं. तो शेठच्या कानाशी लागला की हा वहिवाट लावायचा डाव आहे, आज भात लावलं, उद्या म्हणतील आम्हीच कसतो. सॉलिसिटरांनी मान डोलावली, कारण मान डोलावणं हा त्यांचा धंदाच होता. शेठ तापले. मला घेऊन, छत्री घेऊन, चिखलातून घसरत ते खाली बांधावर गेले. तिथे धोंडाबाई पाण्याची वाट सारखी करत होती, आजूबाजूला आठ-दहा बाया होत्या. तिने शेठना बघितलं आणि डोक्यावरच्या पानांच्या इरल्याखालून तोंडभर हसून म्हणाली, "या शेठ. तुमचं उरकलं बगा."

शेठनी विचारलं, हे कुणाच्या हुकमाने. तिला प्रश्न कळला नाही. मी समजावून सांगितला, तरी कळला नाही. शेवटी शेठनी खिशात हात घातला आणि म्हणाले, ठीक आहे, जी मजुरी होत असेल ती घ्या आणि मिटवा. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. भर बांधावर माणसाने काहीतरी भलतंच बाहेर काढावं, तशी त्यांची नजर झाली. धोंडाबाईला तर हसू आवरेना.

"आमी काय मजुरीला आलतो व्हय?" ती म्हणाली. "सोमवारी माझं खाचर हाय. रखमाजीभाऊ बैलं घिऊन यायचा. तुमी बैलं आणा न्हाईतर मानसं आणा. पर या."

परतताना शेठ तरातरा चढ चढत पुढे गेले. मी मागे हसत होतो. पण शालू घागर घेऊन आमच्या मागून येत होती, तिने मला गाठून दबक्या आवाजात जे सांगितलं त्याने माझं हसू पळालं. धोंडाबाईच्या रोपाचं लावणीचं वय उलटून चाललं होतं. आणखी चार-पाच दिवस गेले तर ते लावण्याच्या कामाचं राहणार नव्हतं. वाडीतल्या बाकी बैलजोड्या आपापल्या सावडीत अडकलेल्या. अंबाजी बैल द्यायला तयार होता, पण त्याचं म्हणणं, मग खाचर माझ्या खटल्यात, म्हणजे माझ्या घरच्या शेतीत, घाल, नाहीतर शेठला विकून टाक, बैल नसलेल्या बाईने खाचर धरून बसायचं कशाला. धोंडाबाईने त्याला सांगितलं होतं की मला तुझे बैल नकोत, माझी सावड शेठकडे आहे, शेठ येतील. सगळी वाडी तिला हसत होती. शेठ न आले तर खाचर जाणार, अंबाजीकडे नाहीतर शेठकडेच, हे सगळ्यांना दिसत होतं. तिलाही दिसत असावं. तरी ती बांधावर उभी राहून हसत होती.

बंगल्यावर भिमाजीने हेच शेठना दुसऱ्या टोकाने सांगितलं. तो म्हणाला, "शेठ, काहीच करू नका. सोमवारी घरी बसा. दसऱ्याला बाई स्वतः कागदावर अंगठा द्यायला येईल." यात खोटं काही नव्हतं. काठी आता कुठेही न अडखळता नदीपर्यंत जाणार होती, आणि त्यासाठी शेठना फक्त घरी बसायचं होतं. हवापालटाला आलेल्या माणसाला याहून सोपं काम कोणतं?

पण शेठ भिमाजीवरच उखडले. त्यांची मराठी अशा वेळी थेट कच्छला जायची, त्यामुळे मला सगळं कळलं नाही, पण मतलब असा की भर बाजारात तोंडाने झालेला सौदा मी आजवर मोडलेला नाही. भिमाजी म्हणाला, पण तुम्ही सौदा केलाच नव्हता. शेठ म्हणाले, माल तर माझ्या दारात येऊन पडला ना? भात उभं आहे ना? मग फेड केल्याशिवाय मी या व्हरांड्यात कसा बसू?

रविवारचा दिवस त्यांनी बैल शोधण्यात घालवला. आषाढात, मावळात, भाड्याने बैल. मोटार कार्ल्यापर्यंत गेली, कामशेतपर्यंत गेली. जिथे बैल होते तिथे ते चिखलात होते, आणि त्यांचे मालक मोटारीकडे बघून हात हलवून परत कामाला लागत होते. विकत घेऊ म्हटलं तरी कुणी देईना. साऱ्या मुंबईला कापड पुरवणाऱ्या माणसाला पैसे देऊनही दोन बैल मिळेनात. संध्याकाळी शेठ परत आले ते पोट धरूनच.

झोपाळ्यावर झवेरबेन बसल्या होत्या. भरल्या अंगाच्या, मोठमोठ्या डोळ्यांच्या, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, बैल त्या शेतात करतात तरी काय. मी सांगितलं, पायांनी माती तुडवतात, बाकी फळी वगैरे असते, पण मुख्य म्हणजे तुडवणं. रखमाजीने उन्हाळ्यात एक नांगरट करून दिलेली आहे, गाळ लोण्यासारखा आहे, आता फक्त तुडवायचा. त्या झोपाळा थांबवून म्हणाल्या, "पाय तो आपल्याकडे पण आहेत. आणि आम्ही लोक गोल फिरून तुडवायला लहानपणापासून शिकलोय." भाच्या टाळ्या पिटायला लागल्या. सॉलिसिटरांनी मान डोलावली आणि मग आपण कशाला मान डोलावली ते त्यांच्या लक्षात आलं.

सोमवारी सकाळी मी लोणावळ्याला शाळेत असायला हवा होतो. अनसूयेला निरोप पाठवला की शाळेत कळव, तब्येत बरी नाही. तब्येत इतकी उत्तम माझ्या आयुष्यात कधी नव्हती.

वाडी बांधावर जमलेली. अंबाजी बैल घेऊन बाजूलाच उभा, शेठ आले नाहीत की बोलायला. धोंडाबाई कमरेवर हात ठेवून बंगल्याच्या वाटेकडे बघत होती आणि पहिल्यांदाच हसत नव्हती. मग वरून टाळ्यांचा आवाज आला. आधी झवेरबेन, पदर खोचलेला, पाय उघडे. मागून भाच्या, डॉक्टर, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेले सॉलिसिटर, महाराज आणि सगळ्यांच्या शेवटी आमचे शेठ, धोतराचा काचा मारून, बगळ्यासारखे पाय टाकत. झवेरबेननी खाचरात पाय घातला तो मांडीपर्यंत आत गेला.  त्या म्हणाल्या, कच्छमध्ये एवढं पाणी असतं तर आम्ही मुंबईला गेलोच नसतो. आणि टाळी वाजवून त्यांनी गाणं धरलं.

पुढचं मला सरळ सांगता येत नाही, कारण मीही तिथे आत होतो. छत्र्या धरायला म्हणून उभा होतो, त्या कुणी माझ्या हातातून घेतल्या ते कळलंच नाही. गरबा सुरू झाला. एक पाऊल पुढे, टाळी, गिरकी, आणि गिरकीबरोबर कुणीतरी खाली. चिखल उडाला की बांधावर वाडी ओरडायची. डॉक्टर तीनदा पडले आणि तिसऱ्यांदा उठेनातच, म्हणाले, असं गार मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. शेठ कोपऱ्यात एकाच जागी उभे राहून पाय वर-खाली करत होते, अगदी मनापासून, तोंडाने काहीतरी मोजत. बायांना बांधावर राहवेना. शालू आत उतरली, तिच्यामागे बाकीच्या, आणि गरब्याच्या आत फुगड्या सुरू झाल्या. भिमाजी बूट घालून कोरड्या बांधावर उभा होता. धोंडाबाईने खाचरातून हात पुढे केला, त्याला वाटलं ती वर यायला आधार मागतेय, त्याने हात धरला आणि तो आत. त्याचा एक बूट त्या खाचरात आजही असणार.

दुपारपर्यंत खाचर तयार झालं. माती अशी घोळली गेली होती की अंबाजीने वाकून मूठभर उचलून बघितली आणि बैल सोडून स्वतः लावणीला उतरला. लावणी मात्र मुंबईच्या पाहुण्यांनी हट्टाने केली, आणि त्यांना ओळीत लावणं काही जमेना. गोल फिरण्याची सवय पायांना लागली होती, रोपं गोलात लागत गेली. धोंडाबाई सारखी ओरडत होती की सरळ लावा, सरळ लावा, आणि हसता हसता तिच्याच हातातल्या रोपांच्या मुठी पाण्यात पडत होत्या.

संध्याकाळी तिने सगळ्यांना नाचणीच्या भाकरी आणि झणझणीत आमटी वाढली. पोटाच्या विकाराने दूधभातावर जगणाऱ्या शेठनी दोन भाकरी खाल्ल्या. डॉक्टर समोर बसून बघत राहिले, कारण त्यांचं तोंड स्वतःच्याच भाकरीने भरलेलं होतं.

श्रावणभर धोंडाबाईने झवेरबेनचा उद्धार केला. गोलात लावलेल्या भाताची बेणणी करणं, त्यातलं तण काढणं, म्हणजे शिक्षा, कुठून सुरू करावं आणि कुठे संपवावं तेच कळेना. पण भात आलं, आणि काही कमी आलं नाही. कार्तिकात ते पिकून पिवळं झालं तेव्हा भाज्याची लेणी बघायला वर गेलेले लोक थांबून खाली ती पिवळी वर्तुळं बघायचे आणि हे काय म्हणून विचारायचे.

कापणीला शेठ स्वतःहून आले, एकटे. दिवसभर विळा चालवण्याचा प्रयत्न केला, बोट कापून घेतलं, चिंधी बांधून पुन्हा बसले. शेवटी खळ्यावर भाताची रास पडली. सगळी वाडी होती, नथूही रजा काढून आला होता. तेव्हा शेठ धोंडाबाईसमोर उभे राहिले. भिमाजीला त्यांनी बरोबर आणलं नव्हतं.

ते म्हणाले, "बाई, आता मी परका नाही. हे खाचर मला द्या. भाव तुम्हीच सांगा. कसा तुम्ही, पीक तुमचं. फक्त नाव माझं."

एवढा चांगला सौदा मावळात कुणी कुणाला देऊ केला नसेल. नथूचे डोळे चमकले, ते मला दिसले. आईला आता चिखलात वाकवत नव्हतं, तेही त्याला ठाऊक होतं. अंबाजीसुद्धा म्हणाला, दे, वहिनी. आणि शेठच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्या खाचरावर त्यांचा खरोखर जीव बसला होता, आणि ज्याच्यावर जीव बसतो ते विकत घ्यायचं, याखेरीज त्यांना दुसरी रीत माहीत नव्हती.

धोंडाबाई राशीकडे बघायला लागली. तिने नकार आधीच ठरवला होता असं मला वाटत नाही, तिचे हात पदराशी चाळा करत होते. मग ती बोलली, आणि तिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"शेठ, नाव तुमचं झालं की मी तुमची गडी झाले. गडी मजुरीला येतो. मग तुमच्या खाचरात सावडीला कोन यील? आन् मला सोमवारी कुनाची वाट बघायची?"

 शेठनी आपल्या चिंधी बांधलेल्या बोटाकडे बघितलं. मुंबईत शेकडो माणसं त्यांच्या दारात येत, पण कुणी त्यांची वाट बघत उभं राहिलं होतं ते याच बांधावर, आणि तेही ते तिचे मालक नव्हते म्हणून.  शेठ फक्त म्हणाले, "बराबर छे," आणि भात भरायला पोतं धरून उभे राहिले. त्या खाचराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. नथू आईशी दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी बोलला.

पुढल्या आषाढात शेठनी चांगली खिल्लारी बैलजोडी आधीच घेऊन ठेवली होती. धोंडाबाईच्या लावणीच्या दिवशी गड्याबरोबर बैल पाठवले आणि आपण पाहुण्यांसह व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसले, चहा घेत, लांबून बघायला. मी शेजारी होतो. डॉक्टर त्यांना सांगत होते की यंदा सर्दी जपा. खाली बैल खाचरात उतरले, आणि उतरून उभेच राहिले. गड्याला बाजूला करून धोंडाबाई वर यायला लागली, धावत, मांडीपर्यंत चिखल, विळा कमरेला. पांढऱ्या फरशीवर तिच्या पायांचे ठसे उमटत आले. पाहुणे खुर्च्या मागे सरकवायला लागले.

ती शेठच्या पुढ्यात उभी राहिली आणि साऱ्या मळवलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बैलं पोचली. तुमी कुटं ऱ्हायलात?"

शेठनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर खाली वाकून विजार गुंडाळत होते. मग शेठनी चहाचा कप खाली ठेवला आणि मोजे काढायला सुरुवात केली.